रस्त्याकडेच्या मातीत मुरलेलं शिसं

पालकाची जुडी धुतली की पातेल्याच्या तळाशी बारीक गाळ बसतो. वाहत्या रस्त्यालगत पिकलेल्या भाजीत शिसं असलंच, तर त्यातलं पुष्कळसं या गाळात असतं. आपलं बोट मात्र लगेच आज धावणाऱ्या गाड्यांकडे जातं. खरं तर ते शिसं बहुतेक करून आपल्या आईवडिलांच्या, आजी-आजोबांच्या काळात मातीत पडलेलं असतं.

१९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत इंजिनिअर थॉमस मिजली यांना दिसलं, की पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड हे शिशाचं संयुग अगदी थोडं मिसळलं तरी इंजिनाची ठकठक थांबते. अल्कोहोलनेही ती कमी होते हे ठाऊक होतं, तरी निवड झाली शिशाची. १९२३ मध्ये ते ‘एथिल’ नावाने विक्रीला आलं. नावात शिशाचा उल्लेखच नव्हता. त्याच सुमारास मिजली स्वतः शिशाच्या विषबाधेने आजारी पडले होते. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या एका रिफायनरीत या रसायनावर काम करणारे ५ कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या सर्जन जनरलनी, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या प्रमुख अधिकाऱ्यांनी, परिषद बोलावली. तिथे कामगारांच्या विषबाधांचा अभ्यास करणाऱ्या डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी बजावलं, की जिथे शिसं वापरलं जातं तिथे आज ना उद्या विषबाधा होतेच. विक्री सुमारे वर्षभर थांबली आणि १९२६ मध्ये पुन्हा सुरू झाली. या साऱ्या कहाणीतलं हे वळण मला सगळ्यात जास्त सलतं, कारण धोका समोर दिसत असताना तो पत्करला गेला.

पुढची कित्येक दशकं धुराबरोबर शिशाचे कण बाहेर पडत राहिले. बारीक कण वाऱ्याने दूर गेले, जड कण रस्त्यापासून काही दहा मीटरांतच खाली बसले. १९६२ मध्ये अमेरिकी भूवैज्ञानिक हेलन कॅनन यांनी सहकाऱ्यासह दाखवून दिलं, की महामार्गाजवळच्या गवतात शिसं जास्त असतं आणि रस्त्यापासून दूर जावं तसं ते घटतं. पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं असल्याचं मोजणाऱ्या क्लेअर पॅटरसन यांना तर त्या मोजणीच्या वेळी प्रयोगशाळेत सगळीकडेच शिसं आढळत होतं. माणसाने ते जगभर पसरवलं आहे, हे त्यांनी १९६५ मध्ये ठामपणे मांडलं.

१९७० च्या दशकात गाड्यांना धुरातले विषारी वायू कमी करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. शिशाने ते निकामी होतात, म्हणून शिसेविरहित पेट्रोल आलं. मोटारगाड्यांसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तिथली विक्री २०२१ मध्ये थांबली.

हवा निवळली, पण माती नाही. शिसं कुजत नाही, उडून जात नाही, पावसाने सहसा खोलवर झिरपतही नाही. चिकणमातीला आणि कुजलेल्या पालापाचोळ्याला चिकटून ते वरच्या काही इंचांतच राहतं, म्हणजे नेमकं आपण बी पेरतो तिथे. म्हणून जमीन रस्त्याकडेची असेल, तर आजच्या रहदारीइतकंच रस्त्याचं वयही विचारायला हवं.

मुळांवाटे झाड शिसं फारसं वर नेत नाही. टोमॅटो, वांगी यांत ते अगदी कमी पोचतं. पालेभाजीवर मात्र धूळ बसते, पावसाच्या थेंबांनी माती उडते आणि ती देठाच्या बेचक्यात अडकून राहते. गाजर-मुळा तर मातीतच वाढतो. माती आम्लधर्मी असेल तर शिसं अधिक सुटं होतं.

शरीर शिशाला कॅल्शियम समजून आत घेतं. प्रौढांच्या आतड्यात पोटात गेलेल्यापैकी सुमारे दहावा हिस्सा शोषला जातो, लहान मुलांच्या आतड्यात निम्म्यापर्यंत. मग ते हाडांत दशकानुदशकं साठून राहतं. आठवड्याला शरीराच्या दर किलो वजनामागे २५ मायक्रोग्रॅम शिसं चालेल, असं जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांची आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समिती पूर्वी मानत असे. २०१० मध्ये तिने ही मर्यादाच मागे घेतली आणि तिच्या जागी नवी दिली नाही, कारण सुरक्षित म्हणता येईल असा आकडाच तिला ठरवता आला नाही.