हवेच्या भरवशावर हॉर्सपॉवर

इंजिन हवा ‘ओढतं’ असं आपण सहज म्हणून जातो. खरं तर पिस्टन खाली सरकला की सिलिंडरमधला दाब उतरतो आणि बाहेरची हवा स्वतःच्या दाबाने आत घुसते. समुद्रसपाटीला हा दाब साधारण 1013 मिलिबार असतो. टर्बो किंवा सुपरचार्जर नसलेल्या, म्हणजे नॅचरली ॲस्पिरेटेड इंजिनाला फुकटात मिळणारी मदत एवढीच. टर्बोवाला तोच दाब दीडपट-दुप्पट करून मोकळा होतो. इथे मात्र आहे त्यातच भागवायचं असतं. त्यात खिसाही हलका असेल, तर कुठे खर्च करायचा हे ठरवण्याआधी थोडा हिशेब मांडलेला बरा.

फोर-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांना एकदा श्वास घेतं. म्हणजे दोन लिटरच्या इंजिनात 7000 आरपीएमला (मिनिटाला 7000 फेऱ्या) मिनिटाला 7000 लिटर हवा जाते, वजनात सुमारे 8.4 किलो. पूर्ण ताकदीसाठी तिच्याबरोबर जळतं जेमतेम पाऊण किलोच्या आत पेट्रोल. यातून अंदाजे 185 हॉर्सपॉवर निघते. पेट्रोल हवं तेवढं ओतता येतं, अडतं ते हवेपाशी. म्हणून एक तर भांडं मोठं घ्या, नाही तर ते काठोकाठ भरा, नाही तर मिनिटात जास्त वेळा भरा. जास्त हवेची चौथी वाट नाही.

भांडं मोठं घेणं सगळ्यांत स्वस्त. अमेरिकेत कमी पैशांत इंजिन बांधणारे जनरल मोटर्सच्या पिकअप ट्रकमधलं 5.3 लिटरचं व्ही-8 भंगारातून उचलतात ते यामुळेच. होंडाच्या चाहत्यांनी तर दोन गाड्यांची सोयरीक जुळवली: सीआर-व्हीमधला 1973 सीसीचा बी20 ब्लॉक आणि त्यावर 1.6 लिटरच्या बी16 इंजिनाचं व्हीटेक हेड, म्हणजे वरचा व्हॉल्व्हवाला भाग. व्हीटेक ही जास्त आरपीएमला व्हॉल्व्ह अधिक उघडणारी, तेलाच्या दाबावर चालणारी होंडाची यंत्रणा. ब्लॉकमधून हेडकडे तेलाची एक जादा नळी न्यावी लागते, कारण मूळच्या ब्लॉकला व्हीटेक ठाऊकच नसतं. मात्र या ब्लॉकच्या सिलिंडरच्या भिंती पातळ आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वर-खाली प्रवास, लांब, 89 मिलिमीटरचा. हेड म्हणतं पळ, ब्लॉक म्हणतो जरा दमानं.

आणि पळाल्याशिवाय तर हॉर्सपॉवर नाही. चांगलं नॅचरली ॲस्पिरेटेड इंजिन दर लिटरमागे साधारण 100 न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतं, फार खटपट केली तर थोडा अधिक. दोन लिटरचे 200 न्यूटन-मीटर 5000 आरपीएमला मिळाले तर 140 हॉर्सपॉवर होते. तेवढेच 8000 ला टिकवले तर 225. होंडाने 1999 मध्ये एस2000 गाडीत 1997 सीसीच्या इंजिनातून 8300 आरपीएमला 250 पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर) काढले, ते याच मार्गाने.

याची किंमत मात्र आरपीएमच्या वर्गाच्या पटीत मोजावी लागते. स्ट्रोक 86 मिलिमीटर आणि पिस्टन 400 ग्रॅमचा धरा. 7000 आरपीएमला पिस्टन वरच्या टोकाशी उलटा वळतो, तेव्हा त्याला थोपवायला सुमारे 1.2 टन वजनाएवढं बल लागतं. 8000 ला तेच 1.6 टनांपाशी जातं. गंमत म्हणजे यातला सगळ्यांत वाईट क्षण स्फोटाचा नसतो. तेव्हा वरून वायूचा दाब तरी असतो. एक्झॉस्ट संपताना वर काहीच नसतं आणि सगळी ओढ पिस्टनला खालच्या फिरत्या क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या दोन बोल्टांवर येते. म्हणून माझं मत साफ आहे: पहिला पैसा रॉड बोल्ट, बेअरिंग आणि व्हॉल्व्ह स्प्रिंगवर. चकचकीत इनटेक पाइप पुढच्या वर्षी घेतला तरी चालतो. बोल्ट तुटला तर पुढचं वर्ष ब्लॉकमधलं भोक बघण्यात जातं.

राहिलं काठोकाठ भरणं. इथे हवेचं वजन कामाला येतं. पिस्टन तळाला जाऊन परत वर निघाला तरी पाइपमधली वेगात आलेली हवा आत रेटतच असते. म्हणून इनटेक व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, पिस्टनने तळ गाठल्यानंतर क्रँक आणखी 50-60 अंश फिरला की मग बंद होतो. रेसच्या कॅमशाफ्टमध्ये (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यात) त्याहून उशिरा. शिवाय एक्झॉस्टचे पाइप योग्य लांबीचे असतील तर दाबाची लाट परत येताना पोकळी घेऊन येते आणि ताजी हवा खेचून घेते. हे सगळं जुळलं की सिलिंडर शंभर टक्क्यांहून जास्त भरतो, तेही पंपाशिवाय. पण जुळतं ते ठरावीक आरपीएमलाच. कमी आरपीएमला तोच कॅम आलेलं मिश्रण परत पाइपमध्ये ढकलतो, आणि गाडी सिग्नलला आचके देत उभी राहते.

हेडचे पोर्ट, म्हणजे हवेच्या वाटा, ग्राइंडरने मोठे करायचा मोह बहुतेकांना होतो. मोठ्या बोळात हवेचा वेग पडतो, आणि वेग पडला की मघाचा रेटाही गेला. त्यापेक्षा व्हॉल्व्ह टेकतो त्या सीटवर नीट तीन कोन कापून घेणं अधिक फळतं.

तेवढ्याच हवेतून जास्त काम काढायचं तर कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं ते, वाढवायचं. त्याचं गणित चमच्यात मावतं. 500 सीसीच्या सिलिंडरला 10:1 साठी वर 55.6 सीसी जागा लागते, 11:1 साठी 50. फरक जेमतेम एका चहाच्या चमच्याचा. हेड थोडं घासून घेतलं की झालं. फक्त आता व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ आले, आणि कॅम नवा असेल तर ते उघडतातही जास्त. इथे मुलांच्या खेळण्यातली मऊ माती लागते. पिस्टनच्या डोक्यावर मातीची पोळी थापायची, वर तेलाचं बोट फिरवायचं, जुनं गॅस्केट घालून हेड आवळायचं आणि क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचा. हेड उघडलं की मातीत व्हॉल्व्हचे ठसे दिसतात. ब्लेडने काप घेऊन जिथे सगळ्यांत पातळ आहे तिथे मोजायचं. इनटेकला 2 मिलिमीटर, एक्झॉस्टला अडीच तरी हवेत. एक्झॉस्टला जास्त, कारण पिस्टन त्याच्या मागे धावत वर येतो. स्प्रिंग जरा ढिली पडली की गाठतोच.

शेवटचा खर्च ट्यूनिंगचा, आणि तो आधीच बाजूला काढून ठेवावा. कॅम आणि कॉम्प्रेशन बदलल्यावर गाडीचा संगणक जुन्याच इंजिनासाठी पेट्रोल आणि स्पार्क देत राहतो. कॉम्प्रेशन जास्त आणि स्पार्क लवकर, म्हणजे नॉकिंगला (मिश्रण आपोआप भडकून बसणाऱ्या ठोक्यांना) निमंत्रण. ते ऐकायची एक जुनी, स्वस्त युक्ती आहे. तांब्याच्या नळीचं एक टोक ठोकून चपटं करायचं, त्याला भोक पाडून ब्लॉकवर बोल्टने आवळायचं, दुसऱ्या टोकाला रबरी नळी जोडून ती कान झाकणाऱ्या हेडफोनमध्ये घालायची. डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, गाडी लोडवर घेतली की इंजिनाची घरघर ऐकू येते. स्पार्कचं टायमिंग अंशाअंशाने पुढे सरकवत जायचं. मध्येच पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला, की ॲक्सिलरेटर सोडायचा आणि दोन अंश मागे यायचं.