भगंदर, बूट आणि बत्तीस गिरक्या

बॅले म्हटलं की पांढऱ्या झग्यातली, पिसासारखी तरंगणारी मुलगी डोळ्यांसमोर येते. या घराण्याचा मूळपुरुष मात्र टाचांचे बूट घालणारा फ्रान्सचा राजा चौदावा लुई. १६५३ साली, चौदाव्या वर्षी, तो अपोलो बनून दरबारात नाचला आणि पुढे ‘सूर्यराजा’ म्हणूनच मिरवला. १६६१ मध्ये त्याने नाचाची अकादमीही काढली.

बॅलेत पावलं बाहेरच्या बाजूला वळवून उभं राहतात. राजापुढे छाती आणि नक्षीदार बूट दोन्ही दिसायला ही ठेवण सोयीची! पण हौसेपोटी शास्त्र हाती लागलं. मांडी खुब्यातून बाहेर फिरवली की तिच्या हाडाचा उंचवटा वाटेतून बाजूला होतो आणि पाय बाजूला कितीतरी वर जातो. ज्यांचा खुबा तेवढा फिरत नाही, ते गुडघ्यातून पीळ देतात आणि मग डॉक्टरांकडे जातात.

राजाचा संगीतकार लुली स्वतःही नर्तक होता. १६८६ मध्ये राजाच्या भगंदरावर शस्त्रक्रिया झाली. राजा बरा झाला म्हणून १६८७ च्या जानेवारीत लुली स्तोत्र गाऊन घेत होता. ताल धरायला जड काठी जमिनीवर आपटायची पद्धत होती. ती त्याने स्वतःच्याच पायावर आपटली. जखम चिघळली, पाय कापू द्यायला तो तयार होईना, आणि मार्चमध्ये गेला. भगंदर राजाचं, जीव गेला संगीतकाराचा.

चवड्यांवरून थेट बोटांच्या टोकांवर चढण्याची कला मारी टालिओनीने १८३२ साली पॅरिसमध्ये गाजवली. तिचे बूट म्हणजे रफू करून थोडे घट्ट केलेले साटनचे जोडे. पीटर्सबर्गमध्ये तिच्या चाहत्यांनी तिचा एक जोड विकत घेतला, शिजवला आणि सॉस घालून खाल्ला, अशी कथा सांगतात. खरी असेल तर जेवणाऱ्यांचं नशीब थोर, कारण आजच्यासारखं कडक टोक तेव्हा नव्हतं. आजच्या बुटात लाकूड असतं असा अनेकांचा समज आहे. पारंपरिक बुटात असतात कापडाचे आणि कागदाचे थर, खळ लावून वाळवलेले. पन्नास किलोची नर्तकी एका पायाच्या टोकावर उभी राहिली आणि ते टोक दहा चौरस सेंटीमीटरचं धरलं, तर दर चौरस सेंटीमीटरवर पाच किलो भार येतो. उभ्या हत्तीच्या पावलाखाली तो साधारण एक किलो भरेल. घामाने खळ भिजते, टोक मऊ पडतं आणि कधीकधी एका प्रयोगातच जोड बाद होतो.

१८९५ मध्ये पीटर्सबर्गच्याच मारिन्स्की थिएटरात पिएरिना लेन्यानी या नर्तकीने ‘स्वान लेक’ या बॅलेमध्ये एकाच पायावर सलग बत्तीस गिरक्या घेतल्या. आजही तिथे आलं की प्रेक्षक मनात मोजायला लागतात. ढकलायला कुणी नसताना फिरणं चालू कसं राहतं? प्रत्येक गिरकीत नर्तकी क्षणभर टाच टेकते आणि जमिनीला पीळ देऊन नवा वेग घेते. तेवढ्यात दुसरा पाय लांब पसरून फिरत राहतो आणि फिरण्याचं भांडवल सांभाळतो. तो आत मिटला की ते भांडवल अंगाकडे येतं आणि अंग गर्रकन फिरतं.

आपण दहा फेऱ्या फुगडी खेळलो की भिंती फिरतात. आपण थांबलो तरी कानातल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांमधला द्रव थांबत नाही, म्हणून. नर्तकी समोरच्या एका खुणेवर नजर ठेवतात, अंग फिरू देतात आणि डोकं शेवटी झटक्यात वळवतात. पण नजरेच्या युक्तीनेच सगळं भागत नाही. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने २०१३ मध्ये २९ बॅले नर्तकींची तुलना वल्ही मारणाऱ्या २० खेळाडूंशी केली. कानाचा निरोप हाताळणारा लहान मेंदूचा एक भाग नर्तकींमध्ये लहान निघाला. जणू वर्षानुवर्षांच्या रियाजाने ती कुरबुर ऐकणंच कमी केलं होतं. प्रयोगात अंधारात खुर्चीवर बसवून फिरवायचे, मग खुर्ची थांबवायचे. फिरल्यासारखं वाटतंय तोवर एक हँडल फिरवत राहायचं. नर्तकींचे हात लवकर थांबले. वल्हीवाल्या मात्र जात्यावर बसल्यासारख्या दळतच राहिल्या.