डॉक्टरांमधील बर्नआउट : प्रतिबंध आणि उपाय

कामाचा ताण दीर्घकाळ टिकून राहिल्याने डॉक्टरांना ग्रासणाऱ्या शारीरिक व मानसिक शिणवट्यास बर्नआउट म्हणतात. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले, तर क्रिस्टिना मॅस्लॅक व सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये ती मोजण्यासाठी प्रश्नावली तयार केली. भावनिक दमणूक, रुग्णांविषयी येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काही चांगले घडत नाही अशी खंत ही तिची तीन अंगे होत. यांपैकी कोरडेपणा सहसा डॉक्टरांच्या स्वतःच्या लक्षात उशिरा येतो : रुग्णाचा उल्लेख नावाऐवजी खाटेच्या क्रमांकाने होऊ लागतो आणि नातेवाइकांचा साधा प्रश्नही कटकट वाटू लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटला आजार न मानता व्यवसायाशी निगडित स्थिती मानले आहे. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण दोष डॉक्टरांच्या सहनशक्तीत शोधला की त्यांना योगवर्गाला पाठवले जाते आणि रात्रपाळ्यांचे वेळापत्रक मात्र आहे तसेच राहते. सलग ड्युटी, अपुरे मनुष्यबळ, निर्णयस्वातंत्र्याचा अभाव आणि कागदपत्रांचा बोजा ही खरी कारणे आहेत. अमेरिकेत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात्मक अभ्यासात रुग्णांसोबतच्या प्रत्येक तासामागे डॉक्टरांचे जवळपास २ तास संगणकीय नोंदी व टेबलावरच्या कामात जात असल्याचे दिसले, आणि त्यातले उरलेले काम अनेक जण रात्री घरी बसून उरकत होते.

म्हणूनच प्रतिबंधाची सुरुवात कामाच्या रचनेपासून व्हायला हवी. अमेरिकेत २००३ पासून निवासी डॉक्टरांचे काम आठवड्याला सरासरी ८० तासांपुरते मर्यादित करण्यात आले, तर युरोपीय संघात सरासरी ४८ तासांची मर्यादा आहे. मात्र रुग्णसंख्या तितकीच ठेवून केवळ तास कमी केले, तर तेच काम कमी वेळात कोंबले जाते. नोंदी लिहिण्यासाठी साहाय्यक नेमणे, वेळापत्रक ठरवताना डॉक्टरांना विचारणे आणि रजेच्या काळात बदली डॉक्टर देणे हे उपाय अधिक उपयोगी ठरतात.

वैयक्तिक पातळीवर झोप, व्यायाम व सजगतेचा सराव यांचा काही प्रमाणात लाभ होतो. कठीण रुग्णांविषयी सहकाऱ्यांशी नियमितपणे बोलण्याची पद्धत मनोविश्लेषक मायकेल बालिंट यांनी १९५० च्या दशकात लंडनमध्ये रुजवली व ती बालिंट गट या नावाने आजही चालते. डॉक्टरांनी घ्यायच्या, जागतिक वैद्यकीय संघटनेच्या जिनीव्हा प्रतिज्ञेत २०१७ मध्ये स्वतःच्या आरोग्याकडे लक्ष देण्याचे वचन समाविष्ट झाले.

बर्नआउट व नैराश्य यांची लक्षणे एकमेकांत मिसळतात. सुटीनंतरही उदासी टिकली किंवा आत्महत्येचे विचार येऊ लागले, तर विलंब न लावता मानसोपचारतज्ज्ञांकडे जाणे आवश्यक असते. परवाना किंवा नोकरी धोक्यात येईल या भीतीने अनेक डॉक्टर हे पाऊल टाळतात. त्यामुळे उपचारांची गोपनीयता राखणे आणि परवान्याच्या अर्जातून पूर्वीच्या मानसोपचारांविषयीचे प्रश्न काढून टाकणे हाही प्रतिबंधाचाच भाग ठरतो.