जॅझ कॉर्डचिन्हांचे स्वरलेखन-फॉन्ट

जॅझ वादकापुढच्या कागदावर बहुधा एकेरी सुरावट आणि तिच्या माथ्यावर कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजवायच्या स्वरसमूहांची, चिन्हे एवढेच असते. साथीचे बाकी सारे त्याने त्या चिन्हांवरून जागच्या जागी रचायचे असते. ही चिन्हे संगणकावर नेमकी उमटावीत म्हणून फॉन्टमधील आकार, अंतर आणि संकेतांक (संगणकाला चिन्ह ओळखू देणारा क्रमांक) यांत केल्या जाणाऱ्या फेरफारांची ही नोंद आहे.

कॉर्डचिन्हात मूळ स्वराचे रोमन अक्षर, त्याला लागून शार्प (अर्धा स्वर वर) किंवा फ्लॅट (अर्धा स्वर खाली) यांची खूण, मग कॉर्डचा प्रकार (मेजर, मायनर, डिमिनिश्ड, ऑगमेंटेड इत्यादी), वरच्या अंगाला सात, नऊ, अकरा, तेरा यांपैकी आकडा, कंसात बदललेले स्वर आणि तिरक्या रेघेपलीकडे खर्जाचा स्वर असे अवयव येतात. एकाच कॉर्डची लेखनरूपे मात्र अनेक आहेत. मेजर सेव्हनसाठी कोणी त्रिकोण काढतो, कोणी अक्षरे लिहितो; मायनरसाठी आडवी रेघ चालते, पण काही लेखक हीच रेघ आकड्याआधी फ्लॅटच्या अर्थाने वापरतात, आणि तेथे खरा घोटाळा होतो. कार्ल ब्रँट आणि क्लिंटन रोमर यांनी १९७६ मध्ये प्रमाणलेखनाचा आग्रह धरला, तरी ही वेगवेगळी वळणे आजही टिकून आहेत. मिनिटाला २०० मात्रांच्या लयीत दोन-दोन मात्रांनी कॉर्ड बदलत असेल, तर प्रत्येक चिन्ह वाचायला ०.६ सेकंद मिळतो. एवढ्या वेळात वादक अक्षरे जुळवत बसत नाही. आपण ‘क्ष’ किंवा ‘ज्ञ’ एका नजरेत ओळखतो, तसे ते चिन्ह त्याला अखंड ओळखावे लागते, आणि फॉन्टच्या घडणीतील बहुतेक निर्णयांचे मूळ येथेच आहे.

सत्तरच्या दशकात बॉस्टनमधील बर्कली महाविद्यालयाच्या परिसरात तयार झालेला ‘द रिअल बुक’ हा संग्रह हस्तलिखित होता आणि त्याच्या वळणाची वादकांच्या डोळ्यांना सवय झाली. म्यूझजॅझ, लिलिजॅझ आणि २०१८ मधील पेटालुमा हे फॉन्ट म्हणूनच हस्ताक्षरासारखे दिसतात.

जुन्या संगीत-फॉन्टमध्ये फ्लॅट, त्रिकोण वगैरे आकार साध्या अक्षरांच्या कळींवर बसवलेले असत. हा प्रकार नागपूरच्या अक्षरजुळणी करणाऱ्यांना समजावून सांगावा लागत नाही. कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टमध्ये इंग्रजी ‘डी’च्या कळीवर ‘क’ असतो, आणि तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मराठी मजकुराचा निरर्थक रोमन अक्षरसमूह होतो. कॉर्डचिन्हांचेही नेमके असेच होत असे. यावर उपाय म्हणून संगीताची सॉफ्टवेअर बनवणाऱ्या स्टाइनबर्ग कंपनीने २०१३ मध्ये ‘स्मफल’ ही प्रमाण मांडणी आणि तिच्यावर आधारलेला ब्राव्हुरा हा फॉन्ट पुढे आणला. युनिकोड या जागतिक अक्षर-संकेतांकांच्या यादीत खासगी वापरासाठी राखलेल्या क्षेत्रात तिने प्रत्येक संगीतचिन्हाला ठरलेली जागा दिली असून डिमिनिश्डचे वर्तुळ, हाफ-डिमिनिश्डचे छेदलेले वर्तुळ, ऑगमेंटेडची अधिक खूण आणि मेजर सेव्हनचा त्रिकोण ही चिन्हे ‘ई८७०’पासून ओळीने येतात. नवा आकार रेखाटणाऱ्याने हे संकेतांक पाळले, तर फॉन्ट बदलल्यावरही अर्थ बदलत नाही.

आकार रेखाटण्यापेक्षा अंतर साधणे अवघड असते. ‘ए’ या रोमन अक्षराची उजवी बाजू उतरती असल्याने त्यापुढे वर चढवलेला फ्लॅट दूर पडल्यासारखा दिसतो. ‘बी’नंतर तसे होत नाही. म्हणून अशा प्रत्येक जोडीचे अंतर वेगळे ठरवावे लागते. वर चढवलेला आकडा नुसता लहान केला की त्याच्या रेघा बारीक होतात. त्यासाठी जाड रेघेचे छोटे आकडे स्वतंत्रपणे रेखाटणे हाच चांगला मार्ग आहे. ओपनटाइप या आजच्या प्रचलित प्रकारच्या फॉन्टमध्ये ज्या नियमांनी देवनागरी जोडाक्षरे घडतात, त्याच जातीच्या नियमांनी टंकलेल्या अक्षरसमूहाच्या जागी त्रिकोण उमटवता येतो. हे काम फॉन्टफोर्जसारख्या मुक्त साधनातही करता येते. मात्र पुष्कळदा फॉन्टला हात लावण्याचीही गरज नसते, कारण म्यूझस्कोअर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉर्डचे रूप वेगळ्या एक्सएमएल फाइलमध्ये ठरवता येते आणि लिलिपाँड या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मेजर सेव्हनचे चिन्ह एका ओळीत बदलता येते.

नागपुरात रेशीमबागेतील कविवर्य सुरेश भट सभागृहात किंवा सिव्हिल लाइन्समधील डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात होणाऱ्या गझल आणि सुगम संगीताच्या कार्यक्रमांसाठी कीबोर्ड-गिटारवादकांचे कागद तयार करताना देवनागरी बोलांवर रोमन कॉर्ड बसवावे लागतात, आणि तेथे आणखी एक अडचण उभी राहते. रोमन अक्षरांच्या मापाने ठेवलेल्या ओळींत शिरोरेषेवरचे रफार, मात्रा आणि अनुस्वार कॉर्डचिन्हाला भिडतात. कॉर्डची ओळ वर उचलणे हाच त्यावर खात्रीचा उपाय आहे. मराठी कळफलक चालू राहिल्यास सातचा आकडा देवनागरीत उमटतो आणि कॉर्डच्या फॉन्टमध्ये तो नसल्याने परक्या फॉन्टमधून आलेला आकडा लगेच खटकतो. आपल्याकडे वादक ज्या पट्टीला ‘काळी पाच’ म्हणतात, ती कागदावर बी फ्लॅट किंवा ए शार्प अशी दोन रूपे घेते, म्हणून दोन्ही जोड्यांची अंतरे तपासावी लागतात.

ब्राव्हुरा आणि पेटालुमा हे फॉन्ट मुक्त फॉन्ट परवान्याखाली मिळतात. त्यांत बदल करून ते वाटता येतात, पण राखीव नाव बदललेल्या प्रतीला देता येत नाही. प्रत पुढे देण्याआधी कागद प्रत्यक्ष आकारात छापून, स्टँडवर ठेवून, वादकाच्या अंतरावरून आणि मंचाच्या मंद प्रकाशात वाचून पाहावा. पडद्यावर मोठा करून पाहिलेल्या चिन्हात फ्लॅट आणि सहा यांतील साम्य लक्षात येत नाही.