जेगी : कोरियातील पितृविधीची भांडी व उपकरणे

कोरियात पूर्वजांच्या पुण्यतिथीला त्यांना अन्न व मद्य अर्पण करतात. या विधीला जेसा म्हणतात आणि त्यासाठी राखून ठेवलेल्या भांड्यांना जेगी. सोल्लाल (चांद्र नववर्ष) व छुसोक (शरदातील सुगीचा सण) या सणांच्या सकाळी होणाऱ्या विधीतही हीच भांडी काढतात. चोसोन राजवटीत (१३९२–१९१०) चू शी या चिनी विचारवंताच्या नावे प्रसिद्ध असलेल्या गृहविधींचा स्वीकार झाला आणि ही उपकरणे खानदानी घरांत रुजली.

जेगीची खूण म्हणजे बुडाची उंच बैठक. ताटलीसुद्धा पायावर उभी असते. ही भांडी रोजच्या जेवणाला वापरत नाहीत. सज्जनाने गरिबी आली तरी जेगी विकू नयेत आणि जीर्ण झाल्यावर त्या जमिनीत पुराव्यात, असे ‘लीजी’ या प्राचीन चिनी विधिग्रंथात सांगितले आहे.

मांडणीत मागे घडीचा पडदा (ब्योंगफुंग) उभा करतात. घराचे तोंड कुठेही असो, पडद्याची बाजू उत्तर मानली जाते. पुढे उंच मेज आणि त्याच्यापुढे धूपदानीचे छोटे मेज. जिवंत माणसाच्या पानात भात डावीकडे व सूप उजवीकडे असते. पितरांच्या बाजूने पाहिले तर जेसाच्या मेजावर हा क्रम नेमका उलटा असतो.

सर्व उपकरणांत अर्थाने सर्वांत भरलेले भांडे मात्र अगदी साधे दिसते. मोसागी नावाच्या या वाडग्यात वाळू भरून गवताची जुडी रोवतात. समजूत अशी, की मृत्यूनंतर ‘होन’ हा आत्म्याचा अंश वर जातो आणि ‘पेक’ हा अंश मातीत उतरतो. धुपाने होनला बोलावतात, तर मोसागीत तीन वेळा थोडे थोडे मद्य ओतून पेकला. वाळू म्हणजे इथे जमीनच.

पूर्वजाची जागा म्हणजे शिनजू ही चेस्टनटच्या लाकडाची स्मृतिपट्टिका. तिच्या मापांत काळ कोरलेला आहे : उंची १२ छोन म्हणजे वर्षाचे महिने, रुंदी ३० फुन म्हणजे महिन्याचे दिवस (छोन व फुन ही लांबीची जुनी मापे; १० फुनांचा एक छोन). चार पिढ्यांपर्यंत ती घराच्या देवळीवजा पूजागृहात ठेवून पुढे थडग्यापाशी पुरत असत. तिचे महत्त्व किती होते, हे १७९१ च्या जिनसान प्रकरणातून कळते. युन जी-छुंग या कॅथलिक विद्वानाने घरातील पट्टिका जाळल्या, म्हणून त्याला देहदंड झाला. आज बहुतेक घरांत जिबांग ही कागदी पट्टी लिहितात आणि विधीनंतर ती जाळतात.

जेगी लाकडाच्या, चिनी मातीच्या किंवा धातूच्या असतात. पांढऱ्या चिनी मातीच्या जेगीवर निळ्या वर्तुळात ‘विधी’ या अर्थाचे चिनी अक्षर आढळते. लाखेने रंगवलेल्या लाकडी भांड्यांसाठी नामवोन हे शहर प्रसिद्ध आहे, धातूच्या भांड्यांसाठी आनसोंग हे शहर. कोरियन ‘युगी’चे भाषांतर पुष्कळदा पितळ असे होते, पण तिचा बांगज्जा हा उत्तम प्रकार ७८ भाग तांबे व २२ भाग कथिल यांचा, म्हणजे आपले कासेच. हातोड्याने ठोकून ती घडवतात. पूर्वी विधीच्या आधी घरातल्या बायका बसून कौलाच्या भुकटीने आणि पेंढ्याने ती घासत. विधीचे यजमानपद पुरुषांकडे असे आणि हे कष्ट बायकांच्या वाट्याला येत, हेही नोंदले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात जपानी सत्तेने युद्धसामग्रीसाठी घरोघरची धातूची भांडी काढून नेली. तेव्हा अनेक कुटुंबांनी जेगी जमिनीत पुरून वाचवल्या.

राजघराण्याच्या जेगी सोलच्या जोंगम्यो पूजास्थानी पाहायला मिळतात. हे स्थान १९९५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. धान्यासाठी चौकोनी ‘बो’ व गोल ‘ग्वे’, कोरड्या पदार्थांसाठी बांबूची ‘ब्योन’, ओल्यासाठी लाकडी ‘दू’ आणि मद्यासाठी तीन पायांचा ‘जाक’ अशी त्यांची विभागणी आहे. मद्यपात्रांपैकी काही बैलाच्या व हत्तीच्या रूपात घडवलेली आहेत. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी होणाऱ्या सार्वजनिक विधीत ही भांडी आजही मांडली जातात.