व्यायामाने हात जड होतो?

“टेबल टेनिस हा मनगटाचा खेळ, पळणं, जोर-बैठका केल्या की हात जड होतो.” गोव्यातल्या पालकांच्या गटांवर हा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय.

चेंडू जेमतेम २.७ ग्रॅमचा, तेव्हा असं वाटणं साहजिक आहे. पण टेबल १.५२५ मीटर रुंद असतं. बॅकहँडच्या (उलट्या हाताच्या फटक्याच्या) कोपऱ्यातून फोरहँडला (सरळ हाताच्या बाजूला) पोचायचं ते पायांनीच. फटक्याचा जोरही पाय, कंबर, खांदा असा चढत शेवटी मनगटात येतो. पाय उशिरा पोचले की मनगट ती उणीव भरून काढू पाहतं, नि चेंडू जाळ्यात जातो.

समजुतीत थोडं तथ्य आहे. वजनं उचलून लगेच टेबलाशी गेलं, तर थकलेल्या हाताला नाजूक स्पर्श साधत नाही. पण तो थकवा तात्पुरता. म्हणून आधी ताज्या अंगाने टेबल, मग वजनं.

स्वतः पडताळून पाहा. सरावाच्या सुरुवातीला ५० चेंडू दोन्ही कोपऱ्यांत आलटून पालटून द्या, किती परत टेबलावर पडले ते मोजा. तासाभराने पुन्हा तेच करा. मोबाइलवर मुलाचे पाय टिपा. आकडा घसरला नि पाय जागचे हलेनासे झाले, तर कमी पडतोय तो दम. जून-जुलैत फोंड्याच्या दमट हवेत हे फार लवकर दिसतं.