हिबिस्कस टी: जास्वंद की अंबाडी?

हिबिस्कस टी म्हणून मिळणारा लाल, आंबट चहा जास्वंदीचा नसतो, लाल अंबाडीचा असतो. पाकिटावर मात्र सर्रास जास्वंदीचं फूल छापतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. मग कुंडीतली जास्वंद तोडून दहा मिनिटं उकळली जाते. हाती येतं जांभळट, बुळबुळीत पाणी. आंबटपणाचा पत्ताच नाही.

जास्वंद सगळ्यांच्या ओळखीची. अंबाडीही भाजीमुळे माहीत असते. चहासाठी लाल बोंडांचीच हवी. ती पावसाळ्याच्या तोंडावर पेरतात, दिवस लहान होऊ लागले की फुलते.

खरी गफलत झाडाच्या कुठल्या भागाचा चहा करायचा, इथे होते. अंबाडीचं फूल फिकट पिवळं, आत गडद ठिपका, एका दिवसात कोमेजतं. त्याचा चहा करत नाहीत. पाकळ्या गळल्यावर खालची लाल वाटी फुगून मांसल होते, ते बोंड. बाजारात त्यालाच ‘अंबाडीची फुलं’ म्हणतात, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. फूल गळल्यापासून साधारण दोन-तीन आठवड्यांनी, आतली बी हिरवी असतानाच बोंड खुडा. उशीर केलात तर ते चिवट होतं. देठाकडून चाकूने गोल काप देऊन बियांची गाठ अंगठ्याने बाहेर ढकला. ती आत राहिली तर बोंड नीट वाळत नाही, बुरशी धरते. सावलीत, मोडल्यावर कट्‌कन आवाज येईपर्यंत वाळवा. किलोभर ओल्या बोंडांची जेमतेम शंभर ग्रॅम उरतात. कपाला दोन ग्रॅम, म्हणजे तीन-चार बोंडं. वर २०० मिली उकळतं पाणी ओतून सात-आठ मिनिटं झाका. भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या. ॲल्युमिनियम आणि बिनकल्हईचं पितळ या आंबटाला चालत नाही. दूध घातलंत तर फाटेल.

जास्वंदीचं नेमकं उलट: हिरवी वाटी टाकायची, पाकळ्या ठेवायच्या. एकेरी लाल जास्वंदीची चार-पाच ताजी फुलं घ्या, परागाची दांडी काढा. पाणी उकळून गॅस बंद केल्यावरच पाकळ्या घाला आणि तीन-चार मिनिटांत गाळा. पाकळ्यांत चिकट द्रव्य भरपूर असतं, उकळलं की ते सगळं पाण्यात उतरतं. लिंबू पिळलं की जांभळं पाणी क्षणात लाल होतं, कारण हा रंग आम्लात लाल दिसतो. अंबाडीत आम्ल मुळातच असतं, म्हणून तिचा चहा पहिल्यापासून लाल. पांढऱ्या जास्वंदीचा चहा करूच नका. ना रंग, ना चव.

रक्तदाबाबाबत माणसांवर झालेल्या ज्या अभ्यासांचे दाखले फिरतात, ते अंबाडीच्या बोंडांवरचे आहेत. ते जास्वंदीच्या नावावर खपवणं चूकच. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर अंबाडीचा चहा रोज घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. गरोदरपणात दोन्ही टाळा.

रोजच्यासाठी अंबाडीच बरी. चव तिचीच, आणि वाळवलेली बोंडं हवाबंद बरणीत वर्षभर टिकतात. जास्वंद त्या त्या दिवशी तोडून करण्याची. तिच्यावर पिठ्या ढेकूण ही पांढरी कीड फार येते, म्हणून औषधं मारली जातात. नर्सरीतून नुकत्याच आणलेल्या किंवा फवारलेल्या झाडाची फुलं देवाला वाहा, कपात नको.